जिवाणूची भिंत

जिवाणूचा आकार त्याच्या आतल्या द्रव्यावर नव्हे तर त्याच्या भिंतीवर अवलंबून असतो, ही गोष्ट सूक्ष्मजीवशास्त्रात बरीच उशिरा पक्की झाली. आकारांची नोंद मात्र त्याआधीच झाली होती. ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने १८७२ मध्ये जिवाणूंचे वर्गीकरण मांडले, ते मुख्यतः आकारावरच आधारलेले होते. गोल ते गोलाणू, काडीसारखे लांबट ते दंडाणू आणि पिळदार ते सर्पिल, ही आजही शिकवली जाणारी विभागणी त्याच परंपरेतली आहे. १८८४ मध्ये कोलकात्यात रॉबर्ट कॉखने पटकीच्या रुग्णांत जो जिवाणू दाखवून दिला, तो स्वल्पविरामासारखा किंचित वाकलेला होता आणि त्या वाकावरूनच तो ओळखता येत असे. गोलाणू एकाच दिशेने विभागत गेले आणि एकमेकांना चिकटून राहिले, तर त्यांची माळ तयार होते. ते निरनिराळ्या दिशांनी विभागले, तर द्राक्षांच्या घोसासारखा पुंजका होतो, आणि ‘स्टॅफिलोकॉकस’ या नावातील ग्रीक शब्दाचा अर्थ द्राक्षांचा घोस असाच आहे.

आकार टिकून कसा राहतो, हे समजण्यासाठी एका दंडाणूची अंतर्रचना पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी ज्याचा सर्वांत कसून अभ्यास झाला आहे तो, माणसाच्या आतड्यात राहणारा एश्चेरिकिया कोलाय, म्हणजेच ई. कोलाय, हा सोयीचा आहे. त्याची लांबी सुमारे २ मायक्रॉन आणि जाडी १ मायक्रॉनच्या आत-बाहेर असते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा जागेत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा डीएनए असतो, जो उलगडून सरळ केला तर दीड मिलिमीटरहून लांब भरेल, म्हणजे पेशीच्या लांबीच्या कित्येकशे पट. वनस्पती आणि प्राण्यांच्या पेशीत असते तसे पटलाने वेढलेले केंद्रक येथे नसते. डीएनएची घट्ट गुंडाळी पेशीच्या मध्यभागी मोकळीच असते आणि तिला केंद्रकाभ म्हणतात. तिच्याभोवती प्रथिने घडवणारे रायबोसोम हजारोंनी दाटलेले असतात. ऊर्जा निर्माण करणारी वेगळी अंगके नसल्यामुळे श्वसनाचे काम पेशीपटलालाच करावे लागते. पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअसला, हा सारा संसार वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो.

इतके द्रव्य दाटीवाटीने भरल्याचा एक परिणाम अटळ असतो. क्षार, शर्करा आणि अमिनो आम्ले यांचे प्रमाण आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने बाहेरचे पाणी परासरणाने सतत आत शिरू पाहते आणि पेशीपटलावर आतून दाब पडतो. ग्रॅम-धन म्हटल्या जाणाऱ्या काही जातींत हा दाब वातावरणाच्या सुमारे वीसपट असतो, ई. कोलायमध्ये तो बराच कमी असला तरी नुसते पटल त्यापुढे टिकणार नाही, कारण पेशीपटल म्हणजे स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर, साबणाच्या फुग्यासारखा लवचीक पण दुबळा. हा दाब पेलते ती पेशीभित्तिका. ती पेप्टिडोग्लायकॅन या पदार्थाची असते. त्यात दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक जोडून लांब धागे तयार झालेले असतात आणि शेजारशेजारचे धागे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांनी एकमेकांत गुंतवलेले असतात. या साखळ्यांत एक विशेष गोष्ट आढळते. सजीवांची प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात ती ‘डावी’ मानली जातात. भित्तिकेच्या साखळ्यांत मात्र त्यांची आरशातली प्रतिबिंबे असलेली ‘उजवी’ अमिनो आम्लेही असतात, आणि त्यामुळे प्रथिने तोडणाऱ्या नेहमीच्या विकरांना ती सहजासहजी तोडता येत नाहीत.

पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत ही भित्तिका जाड रेघेने काढलेली असते आणि त्यामुळे ती विटांच्या भिंतीसारखी भासते. वस्तुतः ती विणलेल्या जाळीच्या पिशवीसारखी आहे, आणि ही नुसती उपमा नव्हे. व्होल्फहार्ड वायडेल आणि पेल्झर यांनी १९६४ मध्ये मांडल्याप्रमाणे ई. कोलायभोवतीची ही पूर्ण जाळी म्हणजे सहसंयुज बंधांनी जोडलेला एकच, पिशवीच्या आकाराचा रेणू आहे. पेशीतील प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि डीएनए सगळे धुऊन काढले, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक रिकामी, चपटी झालेली पिशवी उरते, आणि तिचा आकार दंडाचाच असतो. आत काहीही उरले नसताना आकार उरतो, यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधून सापडणे कठीण आहे.

भिंतीच्या जाडीतला फरक प्रयोगशाळेत रोज डोळ्यांनी पाहिला जातो, तो डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्रॅम याने बर्लिनमध्ये काम करताना १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंजनपद्धतीमुळे. दह्याच्या निवळीचा एक थेंब काचपट्टीवर पातळ पसरावा, वाळू द्यावा आणि काचपट्टी ज्योतीवरून दोन-तीन वेळा फिरवून घ्यावी; मग तिच्यावर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि त्यानंतर आयोडिनचे द्रावण घालावे. या टप्प्यावर सगळेच जिवाणू जांभळे दिसतात. खरी परीक्षा अल्कोहोलची असते. ते काही सेकंदच ओघळू द्यायचे असते, कारण वेळ थोडी जरी जास्त झाली तरी निकाल फसवा येतो. शेवटी सॅफ्रॅनिन हा तांबडा रंग दिला की तेलात बुडवलेल्या भिंगाखाली दह्यातल्या दंडाणूंच्या काड्या आणि गोलाणूंच्या माळा गडद जांभळ्याच राहिलेल्या दिसतात, तर त्याच पद्धतीने रंगवलेला ई. कोलाय गुलाबी दिसतो. पहिल्या गटाची, म्हणजे ग्रॅम-धन जिवाणूंची, जाळी अनेक पदरी आणि वीस नॅनोमीटरहून जाड असते. अल्कोहोलने ती आवळते आणि रंग व आयोडिन यांचे मोठे संयुग आतच अडकते. ग्रॅम-ऋण गटात ती अवघी काही नॅनोमीटर जाडीची, जवळपास एकपदरी असते, म्हणून रंग निसटून जातो.

जाळी पातळ आहे म्हणून ग्रॅम-ऋण जिवाणू दुबळा ठरत नाही, कारण जाळीच्या बाहेर त्याला आणखी एक पटल असते. या बाह्यपटलात पोरिन नावाच्या प्रथिनांच्या अरुंद नळ्या असतात. लहान पोषक रेणू त्यांतून आत येतात आणि अनेक मोठी औषधे बाहेरच अडतात, आणि अशा जिवाणूंच्या संसर्गावर औषध शोधणे अवघड जाते त्यामागे हेही एक मोठे कारण आहे. क्षयाचा जिवाणू या दोन्ही गटांत नीट बसत नाही. त्याच्या जाळीवर मायकोलिक आम्लांचा मेणासारखा थर असल्याने साधे रंग आत शिरत नाहीत, आणि एकदा उष्णतेच्या साहाय्याने शिरवलेला रंग आम्लानेही उतरत नाही; थुंकीच्या तपासणीत त्याला ओळखतात ते याच गुणावरून.

भिंत आतल्या दाबाला पुरून उरली पाहिजे आणि तरीही वाढत गेली पाहिजे, ही जिवाणूपुढची सर्वांत कठीण अट आहे. जाळी फाटू न देता ती मोठी करायची, तर जुने टाके उसवायचे आणि त्याच ठिकाणी नवे धागे ओवून लगेच गुंफायचे, असे काम अखंड चालू ठेवावे लागते. उसवणारी आणि विणणारी विकरे येथे एकमेकांच्या तालावर चालतात. दंडाणूत या विणकामाला दिशा देते ते एमआरईबी हे प्रथिन, जे स्नायूंतल्या ॲक्टिनच्या कुळातले आहे. ते निकामी केले की काडीसारखे जिवाणू गोल होत जातात. विभाजनाची वेळ आली की एफटीएसझेड या दुसऱ्या प्रथिनाचे कडे पेशीच्या बरोबर मध्यावर तयार होते आणि तेथे जाळी आतल्या बाजूला विणली जाऊन आडवा पडदा उभा राहतो. केंद्रक असलेल्या पेशींच्या सांगाड्यातील प्रथिनांचे हे नातलग जिवाणूंत आढळले, तेव्हा जिवाणू म्हणजे रसायनांनी भरलेली साधी थैली, ही जुनी समजूत मागे पडली, आणि ती मागे पडायलाच हवी होती.

जिवाणूच्या हालचालीलाही भिंतीचाच आधार लागतो. ई. कोलायला लांब, पिळदार कशाभिका असतात आणि प्रत्येकीच्या मुळाशी एक फिरते यंत्र असते, जे बाहेरून आत येणाऱ्या प्रोटॉनांच्या ओघावर सेकंदाला शेकडो फेरे घेऊ शकते. मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी १९७४ मध्ये कशाभिका काचेला चिकटवून ठेवली, तेव्हा जिवाणूचे सगळे शरीरच तिच्याभोवती गरगर फिरू लागले, आणि कशाभिका चाबकासारखी फटके मारत नाही, तर मळसूत्रासारखी फिरते, हे उघडकीस आले. फिरणाऱ्या भागाला रेटा द्यायचा, तर यंत्राचा दुसरा भाग कशाला तरी घट्ट बांधलेला असावा लागतो. तो बांधलेला असतो पेप्टिडोग्लायकॅनच्या जाळीला.

माणसाच्या पेशीत पेप्टिडोग्लायकॅन नसते, आणि नेमक्या याच फरकावर पेनिसिलिनचा उपयोग उभा आहे. ॲलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशीभोवतीचा जिवाणूविरहित भाग पाहिला, पण औषध नेमके कोठे घाव घालते याचा उलगडा बऱ्याच वर्षांनी झाला. १९६५ मध्ये डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी दाखवले की पेनिसिलिनच्या रेणूचा घाट जाळीतील साखळीच्या टोकाच्या दोन ‘उजव्या’ ॲलानिनांसारखा आहे. टाके घालणारे विकर त्याला साखळी समजून पकडते आणि कायमचे अडकून बसते. उसवणारी विकरे मात्र आपले काम करीतच राहतात. स्वतंत्र भारतात हे औषध सरकारी कारखान्यात तयार करण्यासाठी १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान ॲंटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, आणि महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीच्या मनात पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. मायकोप्लाझ्मा या जिवाणूंना भित्तिकाच नसते, म्हणून त्यांच्यावर पेनिसिलिनचा काहीही परिणाम होत नाही.

पेनिसिलिन दिलेला ई. कोलाय साध्या पोषक द्रवात पाहिला, तर काडीला बहुधा मधल्या भागात फुगवटा येतो, तो वाढत जातो आणि पेशी फुटते. जोशुआ लेडरबर्गने १९५६ मध्ये याच द्रवात साखर भरपूर मिसळून आतल्या-बाहेरच्या दाबांतला फरक कमी केला. तेव्हा पेशी फुटल्या नाहीत. भिंतीचा आधार गेल्याने त्या गोल झाल्या आणि जिवंत राहिल्या. मग पेनिसिलिन काढून घेतल्यावर जाळी पुन्हा विणली जाऊ लागली, आणि त्या गोल पेशींपासून पुन्हा ई. कोलायच्या सरळ काड्या वाढल्या.