बोलून गेलेला नवस : इफ्ताह आणि शौल

मंडळी, आज शास्ते या पुस्तकाचा 11 वा अध्याय घेऊ. गिलादचा इफ्ताह. आई वेश्या, म्हणून सावत्र भावांनी त्याला घराबाहेर काढलं. पुढे अम्मोनी लोक लढायला आले तेव्हा गिलादचे वडीलजन त्यालाच बोलवायला गेले. अशा माणसाला हा विजय किती हवा असेल बघा! तो परमेश्वराला नवस बोलला : जिंकून घरी परतलो की दारातून जे कोणी मला सामोरं येईल, त्याचा होम करीन.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला, हे 29 व्या वचनात, नवसाच्या आधीच सांगितलंय. मदत मिळालेलीच होती. सौदा करायची गरजच नव्हती.

सामोरी आली ती एकुलती एक मुलगी, डफ वाजवत, नाचत. त्याने कपडे फाडले, आणि वर तिलाच म्हणाला, तू मला संकटात टाकलंस! तिने दोन महिने मागून घेतले. मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडली, आणि परत आली.

सुटका नव्हती का? लेवीयच्या 27 व्या अध्यायात नवसात वाहिलेल्या माणसाचं मोल दिलंय : 20 ते 60 वर्षांच्या स्त्रीचं 30 शेकेल, 5 ते 20 वर्षांच्या मुलीचं 10. ते होमाच्या नवसाला लागू पडतं का, हा वेगळा वाद. पण यहुदी रब्बींनी मिद्राशमध्ये नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. त्यांच्या मते याजक फिनहास हा नवस सोडवू शकला असता. पण तो म्हणे, गरज त्याची, मी कशाला जाऊ? इफ्ताह म्हणे, मी सरदार, मी कशाला जाऊ? दोघांच्या मानापानात पोरगी गेली.

आता शौल राजा, पहिलं शमुवेल, अध्याय 14. पलिष्ट्यांशी लढाई चाललेली, आणि यानं सैन्याला शपथ घातली : संध्याकाळपर्यंत जो खाईल तो शापित. मुलगा योनाथान याने ती ऐकलीच नव्हती. त्याने काठीच्या टोकाने मध चाखला. शौल त्यालाही मारायला निघाला, तेव्हा सैनिकच आडवे आले. याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही म्हणाले. योनाथान वाचला, राजाची शपथ तशीच राहिली.

इफ्ताहच्या मुलीसाठी कोणी आडवं आलं नाही. दाविद किम्ही या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराने, तिला मारलं नाही, एकांतात ठेवलं, असा अर्थ लावला. मला तो पटत नाही. पण तो शोधावासा का वाटला, ते कळतं. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. इस्राएलच्या मुली दरवर्षी 4 दिवस तिच्या आठवणीसाठी जात, एवढंच लिहिलंय.