कपाळावरचे पिवळे दाणे

कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्वचेतील ग्रंथींवर लेख लिहावा याचे शास्त्र शाखेतील मित्रांना नवल वाटेल. पण चेहरा सर्वांनाच असतो, आणि त्यावर काही उगवले की कोणी शाखा पाहून घाबरत नाही.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक माणसांच्या कपाळावर, गालांवर, नाकावर बारीक पिवळसर दाणे आलेले आपण पाहिले असतील. कोणी त्यांना चामखीळ म्हणतो, कोणी मुरूम. आमची आजी ‘अंगातली उष्णता’ म्हणते. ही तिन्ही नावे चुकीची आहेत. वैद्यकात या दाण्यांना सेबेशियस हायपरप्लेझिया म्हणतात. नाव भारदस्त असले तरी अर्थ साधा आहे : त्वचेतील तैलग्रंथींची निरुपद्रवी वाढ.

या ग्रंथी तळहात व तळपाय सोडले तर जवळजवळ सगळ्या त्वचेत असतात. चेहऱ्यावर आणि डोक्यावर त्यांची दाटी अधिक. बहुतेक ग्रंथी केसाच्या मुळाशी चिकटलेल्या असतात व त्यांचे तेल केसाच्याच वाटेने वर येते. हे तेल तयार होण्याची रीत मला फार विलक्षण वाटली. घामाच्या ग्रंथीतील पेशी घाम बाहेर टाकतात आणि स्वतः जागेवर राहतात. तैलग्रंथीत मात्र पेशी स्निग्ध पदार्थाने भरत जाते, फुगते, शेवटी फुटते आणि तिचेच तेल होते. ग्रंथीच्या कडेला नव्या पेशी जन्मतात, जुन्या मध्याकडे सरकतात व तेथे संपतात. या प्रवासाला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. त्याची गती अँड्रोजेन नावाची संप्रेरके ठरवतात. ती स्त्री-पुरुष दोघांतही असतात आणि वयात येताना वाढतात. आपल्या वर्गातील निम्मे चेहरे तेलकट का, याचे उत्तर तेथे आहे.

वय वाढले की ही संप्रेरके कमी होतात. पेशींची चाल मंदावते, जुन्या पेशी लवकर संपत नाहीत आणि ग्रंथीत गर्दी होते. रेशनच्या दुकानात माप घालणारा हात मंदावला की रांग फुगते, तसेच हे. म्हणून ग्रंथी मोठी दिसली तरी तिच्यातून तेल जास्त येते असे नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हाचाही यात हात असावा असे मानतात. काही घराण्यांत हे दाणे लवकर येतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन नावाचे औषध देतात, त्यानेही ते येतात. आणि गंमत अशी की तान्ह्या बाळाच्या नाकावर दिसणारे पिवळट ठिपके हाच प्रकार असतो. आईच्या संप्रेरकांमुळे ते येतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात.

दाण्याचा आकार मोहरीपासून ज्वारीएवढा. रंग पिवळसर किंवा त्वचेसारखाच, आणि स्पर्शाला तो मऊ लागतो. नीट पाहिले तर मधोमध एक खळगा दिसतो. ते ग्रंथीचे तोंड. तिच्या फुगलेल्या पाकळ्या त्याभोवती बसलेल्या असतात. दाणा दुखत नाही, खाजत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत तर मुळीच नाही.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. माझे वडील एस. टी. स्टँडसमोर चहाची गाडी चालवतात. त्यांच्या कपाळावर असे सात-आठ दाणे आहेत. एकदा एका गिऱ्हाइकाने, “काका, हे लागणारं तर नाही ना?” असे विचारून भरलेला ग्लास तसाच ठेवला. तेव्हापासून आबा भर मे महिन्यात, स्टोव्हच्या धगीसमोर, भुवयांपर्यंत रुमाल बांधून उभे राहू लागले. कोणीतरी बिब्बा लावायला सांगितले. आबा तयारही झाले होते. पण बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि काळा डाग मागे राहतो. असा एक गाल आमच्या गल्लीतच आहे, म्हणून आईने बिब्बा घरात येऊ दिला नाही. शेवटी ते सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी भिंगाच्या बॅटरीने दोन मिनिटे कपाळ पाहिले व म्हणाले, “काही नाही, राहू द्या.” आबांचे समाधान झाले नाही. “गाडीभाडं गेलं आणि गोळी एक नाही!” औषध न देणाऱ्या डॉक्टरवर आमच्याकडे विश्वास बसत नाही.

त्या दोन मिनिटांत डॉक्टरांनी काय पाहिले, ते कळले असते तर आबांना भाडे वाया गेल्यासारखे वाटले नसते. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग सुरुवातीला अशाच दाण्यासारखा दिसू शकतो. आपल्या सावळ्या त्वचेत तो गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी होतो, पण होतो, आणि बहुधा काळपट असतो. भिंगाखाली तैलग्रंथीच्या दाण्यातील रक्तवाहिन्या कडेला मुकुटासारख्या दिसतात, मध्य ओलांडत नाहीत. कर्करोगात त्या झाडाच्या फांद्यांसारख्या दाण्यावरून पसरतात. शंका राहिली तर लहानसा तुकडा काढून तपासतात. एखादाच दाणा वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल, खपली धरून पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर भाड्याचा हिशेब करू नये.

एरवी उपचाराची गरज नसते. दाणा पिळून काही साधत नाही. ग्रंथी आत तशीच राहते आणि वर डाग पडतो. दिसण्यासाठी काढायचाच असेल तर विजेच्या सुईने जाळणे, द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे, लेसर, असे मार्ग आहेत. सावळ्या त्वचेवर काळे किंवा पांढरे डाग राहण्याचा धोका असतो, म्हणून जाणता डॉक्टर आधी एक-दोन दाण्यांवरच करून पाहतो. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीने दाणे बसतात, पण गोळी थांबवली की बहुधा परत येतात. गर्भवतीने ती घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते; तेव्हा मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी कोणीही घेऊ नये. दुकानदार ‘चेहऱ्यासाठी’ म्हणून पुढे करतो त्या स्टेरॉइडच्या मलमांनी तर हे दाणे जात नाहीतच, उलट कातडी पातळ होते. 2018 पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. तरीही दुकानात ट्यूब मागण्याआधी चिठ्ठी कोणाची, हे आपणच आपल्याला विचारावे लागते.