जंतूंचे दप्तर

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या, ज्वराने ग्रासलेल्या आणि रक्तदाब उतरत चाललेल्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना कल्चरसाठी प्रयोगशाळेकडे रवाना होतो, तेव्हा त्या रक्तात कोणता जिवाणू आहे व त्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडेल, याचा निर्वाळा मिळण्यास सामान्यतः दोन-तीन दिवस लागतात. रोग तेवढी मुदत देत नाही. या मधल्या काळात डॉक्टरांना जे औषध सुरू करावे लागते, त्याला भरवशाचा आधार एकच: त्याच रुग्णालयात गेल्या वर्षभरात सापडलेल्या जिवाणूंचे नीट राखलेले दप्तर.

या दप्तरातील प्रत्येक नोंदीमागे मोठी शिस्त असते. सिएटल येथील बाउअर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली प्रमाणित केलेल्या आणि आजही असंख्य प्रयोगशाळांत चालणाऱ्या पद्धतीत म्युलर-हिंटन अगरच्या 4 मिलिमीटर जाडीच्या थरावर जिवाणू पसरून वर औषधाच्या चकत्या ठेवतात; 35 अंश सेल्सिअस तापमानात 16 ते 18 तास गेल्यावर चकतीभोवती जे जिवाणूरहित वर्तुळ उमटते, त्याचा व्यास मोजून तो प्रमाणित कोष्टकाशी ताडून पाहतात. थर जाड झाला की वर्तुळ आक्रसते आणि चांगले चालणारे औषधही निकामी ठरते! कोलिस्टिनसारख्या अखेरच्या औषधाचे रेणू तर इतके मोठे की ते अगरमध्ये धड पसरतच नाहीत; त्याची परीक्षा द्रव माध्यमातच घ्यावी लागते.

पण नोंदी अचूक असूनही हिशेब फसू शकतो. एकाच रुग्णाच्या शरीरातून महिनाभरात पाच वेळा तोच प्रतिरोधी क्लेब्सिएला निघाला आणि तो पाचही वेळा मोजला गेला, तर रुग्णालयातील प्रतिरोध आहे त्याहून भयानक दिसतो. म्हणून वार्षिक ताळेबंदात प्रत्येक रुग्णाचा त्या जातीचा पहिलाच जिवाणू धरावा आणि एका जातीचे निदान 30 नमुने असल्याखेरीज टक्केवारी काढू नये, असा दंडक आहे. बाह्यरुग्णांच्या लघवीतील ई-कोलाय आणि अतिदक्षता विभागातील ई-कोलाय यांची सरसकट सरासरी काढणे मला तितकेच घातक वाटते, कारण ती दोघांपैकी कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2013 मध्ये प्रतिरोधाच्या देखरेखीचे जाळे उभारले, त्यात मोठी रुग्णालये आली. परंतु जिल्ह्याच्या गावातील लहान रुग्णालयात खर्चाच्या धास्तीने, दोन औषधे हरल्यावरच नमुना पाठविला जातो, तेथे दप्तरात केवळ हट्टी जिवाणूंचीच गर्दी होते आणि ते वाचून पुढच्या रुग्णाला अकारण जबर औषध दिले जाते. नमुना पहिल्या मात्रेपूर्वी घेतला जावा आणि त्याचा खर्च रुग्णाच्या बिलावर न पडता रुग्णालयाने किंवा सरकारने सोसावा, ही मागणी म्हणूनच मला रास्त वाटते; कारण त्या नमुन्याचा लाभ ज्याचे रक्त काढले त्याच्याइतकाच त्याच्यानंतर त्या खाटेवर येणाऱ्यालाही होतो.