वारा फुकट, चक्की विकत

गेल्या दिवाळीत साताऱ्याहून धाकट्या बंधूंचा फोन आला. "दादा, विजेचे बिल परवडत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर आहेत तशी एक छोटी पवनचक्की आपल्या गच्चीवर बसवू. आई ठेव मोडायला तयार आहे. वारा काय, फुकटचा!"

मलाही मोह झाला. स्कॉटलंडमध्ये १८८७ साली प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी कापडी शिडांची चक्की उभारून घरात दिवे लावले होते. मग या प्राध्यापकानेच मागे का राहावे?

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वाचकहो, वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील शक्ती एक-अष्टमांश उरते! २ मीटर व्यासाची चक्की, सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात, जेमतेम ६०-७० वॅट देते. म्हणजे गच्चीवर पंखा फिरवून घरात पंखा चालवायचा! शेजारच्या इमारतींनी वेग निम्म्यावर आणला, तर ८ वॅट.

खर्च मात्र चक्कीपाशी थांबत नाही. उंच मनोरा, पाया, इन्व्हर्टर, डागडुजी आणि काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या! २०२४ च्या सूर्यघर योजनेत छपरावरच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. पवनचक्कीला त्यात जागा नाही.

बंधूंना कळविले, "आधी वर्षभर गच्चीवरचा वारा मोज, पैसे मग मोजू."

आईची ठेव अजून शाबूत आहे.