मुक्काम कोठे करावा?

विद्यार्थी मित्रांनो, मुक्काम, मुसाफिर, शहर, नकाशा, खर्च, हिशेब हे शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत. तुम्ही ते उर्दूतही वापरता. मराठीत येताना काहींचे रूप थोडे बदलले, एवढेच. आज या ओळखीच्या शब्दांच्या मदतीने आपण एका साध्या पण महत्त्वाच्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. घरातील सर्व माणसे मिळून एखाद्या मोठ्या शहरात फिरायला गेली, तर त्यांनी कोणत्या भागात उतरावे?

"कोठेही उतरले तरी काय बिघडते? रात्री फक्त झोपायचेच तर असते!" असे पुष्कळ लोक म्हणतात. मीही पूर्वी असेच म्हणत असे.

काही वर्षांपूर्वी मी आईला मुंबई दाखवायला नेले. तिने समुद्र कधीच पाहिला नव्हता. पैसे वाचावेत म्हणून मी शहराच्या एका टोकाला स्वस्त खोली घेतली. खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. पहिल्या दिवशी गर्दीमुळे दोन लोकल गाड्या सोडून द्याव्या लागल्या. तिसऱ्या गाडीत आई पाऊण तास उभी राहिली. एक संग्रहालय पाहून होईपर्यंत दुपार टळली. संध्याकाळी तीन जिने चढून ती खोलीत आली, तेव्हा तिचे गुडघे सुजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे. मी येथेच बसते." आम्ही समुद्र पाहून आलो, पण जिच्यासाठी निघालो होतो, ती खोलीतच राहिली. खोलीच्या भाड्यात मी थोडे पैसे वाचवले होते. ते कशात खर्च झाले, ते आज मला आठवतही नाही. आईचे ते वाक्य मात्र आठवते.

म्हणून सांगतो, मुक्कामाची जागा नीट विचार करून निवडावी. हा विचार कसा करायचा, ते आपण एका उदाहरणावरून पाहू.

समजा, तुमचे घर मालेगावात आहे. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. अब्बांनी आणखी दोन दिवसांची सवड काढली आहे. अब्बा, अम्मी, दादी, तुम्ही आणि सात वर्षांचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे मुंबईला निघाली आहेत. शुक्रवारी सकाळी पोहोचायचे आणि रविवारी परतायचे. म्हणजे मुक्काम दोन रात्रींचा. दादींचे गुडघे दुखतात, पण समुद्र पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे.

पहिले काम कागद आणि नकाशा घेऊन करायचे आहे. काय काय पाहायचे, ते कागदावर लिहा. दादींना समुद्र आणि हाजी अलीचा दर्गा पाहायचा आहे. धाकट्या भावाला राणीच्या बागेतले प्राणी पाहायचे आहेत. तुम्हांला गेट वे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायचे आहे. आता ही ठिकाणे नकाशावर शोधा आणि प्रत्येक ठिकाणी एक ठिपका द्या. लगेच तुमच्या लक्षात येईल, की सगळे ठिपके मुंबईच्या दक्षिण भागात आहेत. उत्तरेकडचे अंधेरी, बोरिवली हे भाग या ठिपक्यांपासून बरेच दूर आहेत.

दुसरा प्रश्न असा, की तुमची गाडी तुम्हांला कोठे उतरवणार? मालेगावात रेल्वे स्टेशन नाही. तुम्ही एस. टी. ने मनमाडला जाणार आणि तेथून रेल्वेने मुंबईला. मनमाडहून मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे सीएसएमटीला पोहोचते. पूर्वीचे 'व्हिक्टोरिया टर्मिनस' ते हेच. १९९६ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारसास्थळ ठरली. मात्र मुंबईला येणारी प्रत्येक गाडी येथे येत नाही. काही गाड्या मुंबई सेंट्रलला, काही वांद्र्याला, तर काही कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला थांबतात. म्हणून तिकिटावरील शेवटच्या स्टेशनचे नाव नीट वाचावे. सामान, लहान मूल आणि वृद्ध माणूस बरोबर असताना स्टेशनपासून खोली जवळ असणे ही मोठी सोय असते.

तिसरी गोष्ट म्हणजे शहराची चाल ओळखणे. नदीचे पाणी जसे एका दिशेने वाहते, तशी शहरातील गर्दीही वाहते. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली रेल्वे धावली. पुढे रेल्वेच्या कडेकडेने शहर उत्तरेकडे पसरत गेले. कचेऱ्या व मोठा व्यापार मात्र बराच काळ दक्षिणेकडे, फोर्ट भागात राहिला. आता वांद्रे आणि अंधेरीकडेही पुष्कळ कचेऱ्या झाल्या आहेत. तरीही सकाळी दक्षिणेकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या लोकल गाड्यांत फार गर्दी असते. दूर उत्तरेला उतरलेला प्रवासी सकाळी या गर्दीबरोबर येतो आणि संध्याकाळी गर्दीबरोबरच परततो. दक्षिणेला उतरलेल्या प्रवाशाचे तसे होत नाही. त्याला सकाळी उलट दिशेची गाडी मिळते आणि तिच्यात बसायला जागा असण्याचा संभव अधिक असतो.

आता निरनिराळ्या भागांची तुलना करू.

कुलाबा आणि फोर्ट हे भाग गेट वे ऑफ इंडिया व संग्रहालय यांच्या अगदी जवळ आहेत. रस्ते रुंद आहेत आणि पायी फिरायला चांगले आहेत. पण येथील खोल्या सहसा महाग असतात. फोर्ट भागात रात्री कचेऱ्या बंद झाल्या की रस्ते सुनसान होतात.

सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केट आणि मोहम्मद अली रोड हा भाग दाट वस्तीचा आहे. क्रॉफर्ड मार्केटचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. येथे साध्या लॉजपासून चांगल्या हॉटेलांपर्यंत अनेक सोयी आहेत. हज हाउसची उंच इमारत सीएसएमटीजवळच आहे. मशिदी जवळ असल्यामुळे अब्बांना जुम्याच्या नमाजासाठी लांब जावे लागणार नाही. तुमच्या आवडीचे जेवण रात्री उशिरापर्यंत मिळते. उर्दू पुस्तकांची दुकानेही या परिसरात आहेत. पण रस्त्यावर सतत वर्दळ असते आणि रमजानच्या रात्री तर येथे मोठी गर्दी लोटते. अनेक इमारती जुन्या आहेत आणि काहींत लिफ्ट नाही.

दादर मुंबईच्या मध्यभागी आहे. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे तेथे मिळतात. काही ठिकाणे उत्तरेला आणि काही दक्षिणेला पाहायची असतील, तर दादर सोयीचे. मात्र स्टेशनच्या पुलांवर गर्दी फार असते.

वाशी नवी मुंबईत आहे. रस्ते मोकळे आहेत आणि तेवढ्याच पैशांत मोठी खोली मिळू शकते. परंतु हार्बर मार्गाने सीएसएमटीला यायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो.

आणि मुंब्र्याला खालांचे घर आहे! "लॉजवर पैसे कशाला घालवता? आमच्याकडेच राहा," असे त्या आग्रहाने म्हणतात. नातेवाइकांचे प्रेम हिशेबात मोजता येत नाही. पण मुंब्रा सीएसएमटीपासून सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. सकाळच्या वेळी मुंब्र्याहून लोकलमध्ये चढणे धट्ट्याकट्ट्या माणसालाही कठीण जाते. मग दादींचे काय होईल? यावर एक चांगला उपाय आहे. दोन रात्री शहरात राहावे आणि परतीच्या दिवशी खालांकडे जेवायला जावे. मुंब्रा परतीच्या वाटेवरच आहे. जेवण करून पुढे कल्याणला गेले, की मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. मात्र रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीसाठी अनेकदा मेगाब्लॉक असतो. त्याची चौकशी आदल्या दिवशी करावी.

आता खर्चाचा हिशेब मांडू. समजा, वाशीची खोली सीएसएमटीजवळच्या खोलीपेक्षा रोज ५०० रुपयांनी स्वस्त आहे. दोन रात्रींत १००० रुपये वाचले. पण शहरात जाऊन परत येण्यात रोज दोन तास तरी जातील. दादी थकल्या आणि रात्री टॅक्सी करावी लागली, तर वाचलेल्या पैशांतील मोठा भाग तेथेच संपेल. म्हणून खोलीचे भाडे म्हणजे सगळा खर्च नव्हे. भाडे, प्रवासखर्च, वेळ आणि थकवा या चारही गोष्टींची बेरीज करावी.

जवळच्या खोलीचा आणखी एक फायदा आहे. तो पटकन लक्षात येत नाही. खोली जवळ असली, की दुपारी परत येता येते. सकाळी फिरावे, दुपारी जेवून दोन तास आडवे व्हावे आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडावे. लहान मुले आणि वृद्ध माणसे अशा वेळापत्रकात थकत नाहीत. खोली दूर असली, की सकाळी निघालेला माणूस रात्रीच परततो. दुपारची ही विश्रांती मिळाली असती, तर माझ्या आईनेही समुद्र पाहिला असता.

तुमच्या सहलीसाठी सीएसएमटी आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचा भाग योग्य दिसतो. शुक्रवारी पोहोचल्यावर विश्रांती घ्या. संध्याकाळी दादींना मरीन ड्राइव्हला न्या. तेथे समुद्राच्या कठड्यावर बसता येते, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. शनिवारी सकाळी लोकलने राणीच्या बागेत जा. सीएसएमटीहून भायखळा हे तिसरे स्टेशन आहे आणि तुमची गाडी गर्दीच्या उलट दिशेने जाईल. दुपारच्या विश्रांतीनंतर संग्रहालय आणि गेट वे पाहता येईल. रविवारी हाजी अलीला जा. पण आधी भरती-ओहोटीची वेळ पाहा. भरतीच्या वेळी दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. ही वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून कालची वेळ आज चालत नाही.

सुट्टीचे वारही पाहावेत. राणीची बाग बुधवारी बंद असते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.

खोली ठरवण्यापूर्वी फोनवर काही प्रश्न अवश्य विचारावेत. खोली कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का आणि ती चालू आहे का? पाचही माणसे एका खोलीत राहू शकतील का? जादा गादीचे पैसे किती? पाणी दिवसभर असते का? खोली रस्त्याच्या बाजूला आहे की आतल्या बाजूला? खोलीचा दिवस किती वाजता सुरू होतो? काही ठिकाणी दुपारी १२ वाजता दिवस बदलतो, तर काही ठिकाणी आल्यापासून २४ तास मोजतात. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. शक्य असेल तर घरातील एकाने आधी वर जाऊन खोली पाहावी आणि मगच सामान चढवावे.

मित्रांनो, सीएसएमटीचा भागच सर्वांत चांगला, असा याचा अर्थ नाही. कान्हेरी लेणी पाहायची असतील, तर बोरिवली जवळ. पहाटे विमान पकडायचे असेल, तर अंधेरी बरी. परळच्या टाटा रुग्णालयात रुग्णाला न्यायचे असेल, तर परळ किंवा दादरलाच राहावे. काम बदलले, की मुक्कामही बदलतो. शहरही बदलत असते. २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आणि काही दूरचे भाग जवळ आले. म्हणून प्रत्येक वेळी नकाशा नव्याने पाहावा.

एक नियम मात्र बदलत नाही. घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाकडे पाहून मुक्काम ठरवावा. त्याला जे जमेल, ते सर्वांना जमते.

शब्दार्थ

उतरणे – (येथे) मुक्काम करणे
सवड – मोकळा वेळ
वर्दळ – माणसांची ये-जा
भरती – समुद्राचे पाणी चढणे
ओहोटी – समुद्राचे पाणी उतरणे

स्वाध्याय

१. लेखकाची आई दुसऱ्या दिवशी खोलीतच का राहिली?
२. कारणे द्या : (अ) दक्षिण मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला सकाळी गर्दीचा त्रास कमी होतो. (आ) हाजी अलीला जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी.
३. 'खोलीचे भाडे म्हणजे सगळा खर्च नव्हे' हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. पाठातील असे आठ शब्द शोधा, जे उर्दूतही वापरतात.
५. तुमच्या गावी एक कुटुंब पाहुणे म्हणून येणार आहे. त्यांच्याबरोबर वृद्ध आजोबा आहेत. त्यांनी कोणत्या भागात उतरावे, ते कारणांसह दहा ओळींत लिहा.