घरात सायकल घ्यायची, पण बसणार कोण?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ असते : रोज अर्धा तास चालणे. पुष्कळ घरांत ही ओळ येते आणि चिठ्ठीबरोबर डब्यात जाऊन पडते. आमच्या घरी ती 2023 च्या मे महिन्यात आली. मुलांच्या आईची साखर वाढली होती. तिने ओळ वाचून घेतली आणि विचारले, "कधी चालू ते पण लिहून देतात का?"

तिचे म्हणणे खरेच होते. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, मग कामावर जायचे. संध्याकाळी परत यावे तर गल्लीत रिक्षा, हातगाड्या आणि कुत्री. पावसाळ्यात तर पाय टाकायला जागा नसते. मग घरातच सायकल मारावी असा विचार निघाला. आमची खोली पुनर्वसनाच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, 225 चौरस फुटांची. तिथे व्यायामाची सायकल कुठे मांडणार? तेव्हा थोरल्याने सुचवले की आपली गियरची सायकल आहेच, तिला घरात उभी करून चालवायचा स्टँड मिळतो, तो घेऊ. ट्रेनर म्हणतात त्याला. काही हजारांत काम भागत होते आणि स्टँडचे पाय मिटले की तो पलंगाखाली जात होता. आम्हाला हिशेब पटला. विचारायचे ते माणूस मात्र आत भाकऱ्या थापत होते.

हा स्टँड म्हणजे काय ते आधी सांगतो. जुन्या काळ्या सायकलीचे मागचे स्टँड लावले की चाक अधांतरी राहते आणि पोरे बसून पायडल मारत सुटतात. आपण सगळ्यांनीच ते केलेले आहे. पण त्यात जोर लागत नाही, म्हणून तो खेळच राहतो, व्यायाम होत नाही. ट्रेनरच्या लोखंडी चौकटीत मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी घट्ट धरला जातो आणि टायर एका लहान रुळावर टेकतो. त्या रुळाला अडवणारी वस्तू जोडलेली असते, त्यामुळे पायाला चढावर असल्यासारखा जोर लागतो.

अडवण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यात पंखा असतो. तो स्वस्त पडतो, पण वेग वाढला की घरघर इतकी वाढते की शेजारी दार वाजवतात. दुसऱ्यात लोहचुंबक असतो. हँडलजवळ एक खटका येतो, तो सरकवून जोर कमी-जास्त करता येतो. आवाज बेताचा आणि किंमतही बेताची. तिसऱ्यात बंद डबीत तेलासारखा द्रव असतो. जितके जोरात मारू तितका तो आपोआप जड होतो आणि आवाजही कमी करतो. तो महाग असतो, आणि जुना घेताना डबीच्या कडेला ओल दिसली तर हात जोडून परत यावे. याखेरीज मागचे चाक काढून सायकल थेट यंत्राला जोडायचा एक प्रकार आहे, तो लाखाच्या घरातही जातो. शर्यतीत उतरणाऱ्यांना तो लखलाभ. नुसत्या तीन रुळांवर सायकल तोलून चालवायचाही प्रकार आहे. तो नवख्याने 225 फुटांत करू नये, कपाट फार जवळ असते.

आम्ही चुंबकाचा घेतला. घरी आणल्यावर एकेक गोष्ट कळू लागली.

पहिली गोष्ट आसाची. स्वस्तातल्या सायकलींच्या आसाला दोन्ही बाजूंना नट असतात. पुष्कळ ट्रेनरच्या पकडीला मात्र झटपट खोलायचा पोकळ आस लागतो. आमच्या सायकलीच्या नटावर पकड घसरत होती. शेवटी नाक्यावरच्या सायकलवाल्याने आस बदलून दिला, पैसे गेले ते वेगळेच. मागचे कॅरिअर आणि स्टँडही आडवे आले, तेही काढावे लागले. दुकानात जाताना सायकल बरोबर न्यावी, तिथेच बसवून पाहावी. चाकाचा आकारही बघावा. बहुतेक ट्रेनर 26 इंचापासून पुढच्या चाकाला चालतात, लहान मुलांच्या सायकलीला नाही.

दुसरी गोष्ट टायरची. आमचा टायर जाड खाचांचा. रुळावर तो असा गरजायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्याच दिवशी वर आल्या. टायर गुळगुळीत हवा, हवा भरलेली हवी आणि खाली जाड रबरी चटई हवी, कारण आवाजापेक्षा हादरा जास्त खाली उतरतो. रुळावर टायर लवकर झिजतो हाही खर्च धरून ठेवावा. पुढचे चाक मागच्यापेक्षा खाली राहते, त्याखाली लाकडी ठोकळा ठेवावा. आमच्या धाकट्याने शाळेची दोन पुस्तके सरकवली होती, त्याला आम्ही चांगलेच बोललो.

हे सगळे जमवून झाले आणि मुलांच्या आईला बोलावले. ती आली, सायकलीकडे पाहिले आणि उभीच राहिली. सायकलीला मधला दांडा उंच. गुडघा दुखणाऱ्या, जन्मात कधी सायकलीवर न बसलेल्या बाईने साडी सावरत त्यावरून पाय टाकायचा तरी कसा? थोरल्याने स्टूल आणले. ती म्हणाली, "लहानपणी भावाला सायकल घेतली होती. मला कुणी बस म्हटले नाही. आता तुम्ही घेतली, तीही मला न विचारताच."

आम्हाला उत्तर सुचले नाही. वाचकहो, ही आमची चूक आहे, दुकानदाराची नव्हे. शिवाय ती सायकल थोरला रोज सकाळी कामाला नेतो. रोज चौकटीतून काढायची आणि रात्री पुन्हा अडकवायची, हे आठ दिवस चालले. मग ट्रेनर पलंगाखाली गेला.

म्हणून आमचे सांगणे असे की यंत्र पाहण्याआधी माणूस पाहावा. ज्याला सायकल येते, जो पावसाळ्यात चालवायला मिळत नाही म्हणून कासावीस होतो, त्याला ट्रेनर उत्तम. थोरला आता पावसात तोच वापरतो. घरातल्या आईला, आजीला बसायचे असेल तर एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल घ्यावी, आणि तीही मधला भाग खाली असलेली, पाय सहज पलीकडे जाईल अशी. कंबर दुखत असेल किंवा तोल जात असेल तर पाठ टेकायची सोय असलेली मिळते, फक्त ती जागा जास्त खाते. यंत्र किती किलो वजन पेलते ते विचारून घ्यावे. अडवण्यासाठी चामड्याची किंवा नमद्याची पट्टी असेल तर ती झिजते, चुंबक असेल तर घासतच नाही. 2020 च्या टाळेबंदीत घेतलेली यंत्रे पुष्कळ घरांत कपडे वाळत घालायच्या कामी आली. अशा घरी चौकशी केली तर नव्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळू शकते. आम्ही तशीच घेतली. या वेळी ती बरोबर आली, तिघींवर बसून पाहिली आणि चौथी पसंत केली. हप्त्यावर मात्र घेऊ नये. व्यायाम थांबला तरी हप्ता थांबत नाही.

किती मारावी? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही इतका दम लागणे. एकदम अर्धा तास नको. ती दहा मिनिटांपासून सुरू झाली. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारावे आणि गूळ-साखर हाताशी ठेवावी. पायात बूट घालावेत, कारण साखरेच्या आजारात पायाची जखम कळत नाही. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे. घरात वारा लागत नाही, घाम फार येतो, पंखा समोर असावा. ओढणी, साडीचा पदर खोचून घ्यावा. आणि ट्रेनरवरचे चाक फिरत असताना रांगते मूल खोलीत असू नये, तारांत बोट गेले तर क्षणात तुटते.

सीटची उंची ही गुडघ्याची किल्ली आहे. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की तो सरळ व्हावा, मग चवडा ठेवून मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. आमच्याकडे संध्याकाळी मुलगीही बसते आणि दर वेळी उंचीवरून दोघींची भांडणे व्हायची. शेवटी मुलीने नेलपॉलिशने दांड्यावर दोन खुणा केल्या, वरची तिची, खालची आईची. आता खालच्या खुणेपाशी रोज पहाटे पाणी भरून झाल्यावर पेच आवळल्याचा आवाज येतो.