संगणकीय शोधांत चिन्हांचें स्वरूपरक्षण

जुन्या पोथ्यांच्या नकला संगणकावर उतरविण्याचें काम आतां अनेक संग्राहक स्वतःच करूं लागले आहेत. ह्या कामांत ‘शोधा व पालटा’ ही सोय फार उपयोगी असली, तरी तिनें पाठ बिघडल्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. एका ओवीबद्ध पोथीच्या नकलेंत नागरी दंडाऐवजीं कळफलकावरील उभी रेघ वापरली होती. ‘||’ शोधून तेथें ‘॥’ घालावें अशी आज्ञा देतांच प्रत्येक अक्षराच्या आगेंमागें दुहेरी दंड उमटला; मूळच्या रेघा मात्र तशाच राहिल्या.

ह्याचें कारण असें. शोधाची ही रीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ ह्या नांवानें ओळखली जाते. तिची गणिती मांडणी स्टीफन क्लेनी ह्यांची (१९५६) असून केन टॉम्सन ह्यांनीं १९६८ सालीं ती मजकूर शोधण्याच्या कामीं लाविली. तींत कांहीं चिन्हें अक्षरें नसून संज्ञा आहेत. बिंदु म्हणजे कोणतेंही एक चिन्ह; तारा म्हणजे मागील चिन्हाची शून्य वा अधिक वेळां आवृत्ति; उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. तेव्हां ‘||’ ह्याचा अर्थ ‘रिक्त, किंवा रिक्त, किंवा रिक्त’ असा झाला. आणि रिक्त तर सर्वत्रच सांपडतें!

संस्कृतज्ञांस हा विचार नवा नाहीं. पाणिनीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील ६८ वें सूत्र सांगतें कीं, शास्त्रांत उच्चारलेल्या शब्दानें त्याचें स्वतःचें रूपच घ्यावें. अपवाद शास्त्रीय संज्ञेचा. प्रत्यय लागतो तो ‘अग्नि’ ह्या शब्दास, निखाऱ्यास नव्हे. परंतु ‘वृद्धि’ म्हटल्यास आ, ऐ, औ हे वर्ण घ्यावयाचे. संगणकांत संज्ञेस पुन्हां स्वरूपावर आणण्याचा उपाय म्हणजे तिच्यामागें उलटी तिरकी रेघ देणें. ‘\|\|’ असें लिहिलें असतें, तर दंड बिनचूक पालटले असते. ती तिरकी रेघच शोधावयाची असेल, तर ती दोनदां लिहावी.

कोरीव लेखांच्या वाचनांत हा धोका अधिक. आमच्या भंडारा जिल्ह्यांत पवनी येथें १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननांत स्तूपाच्या अवशेषांबरोबर दानाचे ब्राह्मी लेख मिळाले. अशा लेखांत संपादकानें पुरविलेलें अक्षर तारा देऊन चौकटी कंसांत दाखविण्याची रीत आहे. समजा, एखाद्या नकलेंत ‘दा[नं*]’ आहे व तेंच शोधावयास दिलें. यंत्र ‘दा’पुढें न, अनुस्वार वा तारा ह्यांपैकीं एक चिन्ह शोधील, म्हणजे ‘सदानंद’ व ‘दांडा’ सांपडतील, आणि जें हवें तें सांपडणार नाहीं. येथें ‘दा\[नं\*\]’ असें लिहावें.

दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. पालटीच्या रकान्यांत बिंदु, तारा साधेच असतात. तेथें बहुधा तिरकी रेघ अथवा डॉलरचें चिन्ह विशेष असतें. शिवाय ‘ग्रेप’ व ‘सेड’ ह्या साधनांच्या मूळ रीतींत गोल कंस स्वरूपवाचक असून तिरक्या रेघेनेंच तो संज्ञा होतो. म्हणून साधनाचा नियम आधीं पहावा, मूळ नकल निराळी ठेवावी आणि पालटण्यापूर्वीं सांपडलेल्या जागा मोजून त्यांतील कांहीं डोळ्यांनीं तपासाव्या. कंस व तारा ही संपादकाची साक्ष आहे. ती पुसली गेली, तर शिलेवर काय होतें आणि तर्क कोणता, हें पुढील वाचकास कळण्याचा मार्ग राहत नाहीं.